वस्तीतल्या कुत्र्या-मांजरांचे मोफत ऑपरेशन : समजून घ्या, मागून घ्या



आरोग्य पानावर आपण आजवर ताप, बाळंतपण, साखर, क्षय अशा माणसांच्या आजारांची माहिती घेत आलो. या वेळचा विषय कुत्र्या-मांजरांचा आहे, पण तो आपल्या घरातल्या लेकरांच्या आरोग्याचाच आहे. कर्जतहून पहाटेची लोकल पकडायला अंधारात निघणारी माणसे, खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारे कामगार, फार्महाऊसवर राखणीला वा धुणीभांड्याला जाणाऱ्या बाया, अंगणात खेळणारी मुले या सगळ्यांचा रस्त्यावरच्या कुत्र्यांशी रोज संबंध येतो. बंगल्याला कुंपण असते, फाटक असते. वस्तीत घर आणि रस्ता यांच्यात एक उंबरठाच असतो. म्हणून कुत्र्यांची संख्या वाढली की पहिली झळ आपल्याला लागते.

या झळेवर मारणे, हाकलणे, गोणीत भरून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणे हे उपाय सगळीकडे करून झाले आहेत. टिकणारा उपाय एकच ठरला आहे, तो म्हणजे कुत्र्या-मांजरांचे ऑपरेशन आणि सोबत रेबीजची लस. सरकारी भाषेत याला निर्बीजीकरण म्हणतात. खासगी डॉक्टरकडे यासाठी काही हजार रुपये लागतात आणि रोजंदारीच्या घराला ते परवडत नाहीत. म्हणून मोफत शिबिर लागते. ते कसे असते, त्यात काय पाहावे आणि ते आपल्या वस्तीत कसे आणावे, हे आज पाहू.

संख्या का वाढते?

कुत्री साधारण सहा महिने ते एक वर्षाची झाली की माजावर येते. वर्षातून बहुधा दोनदा माज येतो. गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी ती विते आणि एका वेताला चार ते आठ पिल्ले होतात. आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना म्हणून जुनी माणसे सांगतात, ते खरे आहे. भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री कार्तिकाच्या सुमारास विते. थंडीत वस्तीत पिल्लेच पिल्ले दिसतात, त्याचे कारण हे.

मांजरीचा वेग याहून जास्त. ती चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. पिल्ले अंगावर पीत असतानाही तिला पुन्हा दिवस जातात. वर्षात दोन-तीन वेते सहज होतात.

एका जोडीपासून सहा वर्षांत हजारो कुत्री होतात, असे काही पत्रकांत छापलेले असते. तो नुसता गुणाकार आहे. प्रत्यक्षात रस्त्यावरची बरीच पिल्ले वर्षाच्या आतच मरतात. गाडीखाली येतात, उपासमारीने, खरजेने, जुलाबाने जातात. म्हणजे जन्म आणि मरण दोन्ही आपल्या दारात होत असते आणि ते आपली मुले पाहत असतात. ऑपरेशनने पिल्लांचे हे हालही थांबतात.

मारून किंवा हाकलून का भागत नाही?

मुंबईचा अनुभव आपल्या जवळचा आहे. मुंबई महापालिका अनेक दशके भटकी कुत्री मारत होती, तरीही कुत्री संपली नाहीत. १९९४ पासून तेथे निर्बीजीकरणाचे काम सुरू झाले. १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, २०२४ मध्ये सुमारे ९१ हजार. शहर एवढे वाढत असताना संख्या वाढली नाही, थोडी उतरली. जादू झाली नाही, पण मारण्याने जे कधी साधले नव्हते ते साधले.

असे का होते? कुत्री राहतात ती खाण्यासाठी. कोंबडीच्या दुकानामागची घाण, लग्नाच्या पंगतीचे उष्टे, पर्यटकांनी रस्त्याकडेला टाकलेल्या पिशव्या हे जोवर आहे, तोवर तेवढ्या कुत्र्यांची जागा आहे. दहा कुत्री हलवली की पलीकडच्या आळीतली दहा येतात. येणारी अनोळखी असतात. ती आपल्या मुलांना ओळखत नाहीत, लस घेतलेली नसतात, आणि जागेसाठी आपसांत भांडतात. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मधे सापडलेले मूल चावले जाते. उलट ऑपरेशन झालेले, लस टोचलेले ओळखीचे कुत्रे त्याच जागी राहिले, तर ते बाहेरच्या कुत्र्यांना आत येऊ देत नाही.

दुसरे कारण पिल्लांच्या आईचे. व्यायलेली कुत्री पिल्लांच्या रक्षणासाठी अंगावर येते. मुले पिल्लू उचलायला जातात आणि चावा बसतो. जयपूर शहरात अनेक वर्षे नेटाने निर्बीजीकरण झाल्यावर माणसांना चावण्याचे प्रमाण कमी झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. पिल्लेच नसली तर त्यांच्यासाठी चावणारी आईही नसते.

ऑपरेशन म्हणजे नेमके काय?

आपल्या बायाबापड्यांना कुटुंब नियोजनाचे शिबिर माहीत आहे. बाईच्या ऑपरेशनात फक्त नळ्या बांधतात, पिशवी आणि बीजकोश जागेवर राहतात. कुत्री-मांजरीच्या ऑपरेशनात सहसा गर्भपिशवी आणि दोन्ही बीजकोश काढून टाकतात. म्हणून तिला पुढे माजही येत नाही आणि तिच्यामागे नरांची झुंडही लागत नाही. नराचे दोन्ही वृषण काढतात. नराचे ऑपरेशन लहान असते, मादीचे मोठे असते. दोन्ही पूर्ण भूल देऊन होतात. नराच्या अंगात जुने बीज काही आठवडे राहते, त्यामुळे तेवढे दिवस त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते.

ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच पाडतात. ती भूल असतानाच पाडतात. कानाला खाच असलेले कुत्रे दिसले की समजावे, याचे काम झाले आहे. त्याच वेळी रेबीजची लस देतात. ही लस एकदा देऊन भागत नाही, दरवर्षी द्यावी लागते.

याचे आणखी फायदे आहेत. माजाच्या दिवसांतली भांडणे कमी होतात. संबंधातून पसरणारी गाठ रस्त्यावरच्या कुत्र्यांत पुष्कळ दिसते, ती कमी होते. मादीच्या गर्भपिशवीत पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

शिबिर कधी घ्यावे?

कर्जत-खालापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. जूनपासून अंगण, ओटा, रस्ता सगळे ओले. ओल्या जागी टाके चिघळतात, जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात. कार्तिक-मार्गशीर्षात माद्या पिल्लांना पाजत असतात, तेव्हा त्यांना पकडू नये. पौषानंतर पिल्ले खाऊ लागतात. म्हणून आपल्या भागासाठी माघ ते वैशाख, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते मे, हा काळ बरा. तेव्हा ऑपरेशन झाले तर पुढच्या भाद्रपदाच्या आधी काम पुरे होते.

दोन-चार कुत्र्यांचे ऑपरेशन करून संख्या हटत नाही. जाणकार साधारण ७० टक्क्यांचे माप सांगतात. समजा वस्तीत ३० कुत्री आहेत, तर किमान २१ चे काम एकाच हंगामात व्हायला हवे. त्यातही माद्या आधी.

घरचे जनावर नेताना

आदल्या रात्री नऊनंतर खायला देऊ नये. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन ती श्वासनळीत जाते आणि जीव जाऊ शकतो. पाणी सकाळपर्यंत चालते. अगदी लहान पिल्लांना इतका उपास सोसत नाही, त्यांचे डॉक्टरांना विचारावे. जनावर गाभण आहे का, पाजते आहे का, आजारी आहे का, अंगावर गोचीड आहेत का, हे न लपवता सांगावे. गोचिडामुळे होणाऱ्या तापात रक्त लवकर थांबत नाही, म्हणून डॉक्टरांना ते कळणे गरजेचे. कुत्रे पट्ट्याने किंवा मऊ दोरीने बांधून न्यावे. मांजर झाकणाच्या टोपलीत किंवा क्रेटमध्ये न्यावे आणि वरून कापड टाकावे. प्रत्येक मांजराची टोपली वेगळी हवी. हातात धरून रिक्षात नेलेले मांजर हॉर्नला घाबरून ओरबाडते आणि पळते.

घरी आणल्यावर

पहिला दिवस जनावर गुंगीत असते. त्याला चुलीजवळ, पाण्याच्या टाकीजवळ किंवा उंच ओट्यावर ठेवू नये. कोरड्या गोणपाटावर, उबेत ठेवावे. पूर्ण शुद्ध आल्यावर आधी थोडे पाणी, मग थोडा भात द्यावा. दहा दिवस आंघोळ नाही. टाके चाटू देऊ नयेत. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर मिळाली तर घालावी. जखमेवर हळद, राख, तंबाखू, तेल काही लावू नये.

एक सूचना सगळ्यांनी पाठ करावी. माणसाची दुखण्याची गोळी जनावराला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

थोडी सूज चालते. पण रक्त ठिबकत असेल, टाके उसवले असतील, पू किंवा अळ्या दिसत असतील, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, किंवा दुसऱ्या दिवशीही जनावर खात नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

मोफत म्हणजे कसेही नव्हे

फुकटच्या शिबिरात प्रश्न विचारायचा नाही, ही सवय आपण मोडली पाहिजे. शिबिर घेणाऱ्यांना पाच गोष्टी विचाराव्यात. ऑपरेशन करणारे पशुवैद्यक नोंदणीकृत आहेत का? प्रत्येक जनावरासाठी निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारे आहेत का? दुखण्याचे इंजेक्शन देतात का? रस्त्यावरच्या कुत्र्यांना ऑपरेशननंतर सुमारे चार दिवस कोठे ठेवणार? आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? ज्या शिबिरात या पाचांची सरळ उत्तरे मिळतात, ते चांगले. जेथे सकाळी कापून संध्याकाळी रस्त्यावर सोडतात, तेथे नकार द्यावा.

जबाबदारी कोणाची?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले. त्यांच्या जागी मार्च २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांचा गाभा असा : रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. आपल्याकडे ते म्हणजे कर्जत, खोपोली आणि माथेरानच्या नगरपरिषदा, खालापूरची नगरपंचायत आणि गावोगावच्या ग्रामपंचायती. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच करायचे. कुत्रे जेथून उचलले तेथेच परत सोडायचे. देखरेखीला स्थानिक समिती असते, तिच्यात आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्याची माणसे असतात. पाळीव जनावराची लस व ऑपरेशन मात्र मालकाची जबाबदारी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली व हल्लेखोर कुत्री सोडून बाकीची ऑपरेशन व लसीनंतर त्याच भागात सोडावीत, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, तेथे परत सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणजे वस्तीशेजारच्या शाळेच्या आवारात कुत्री असतील, तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो.

आता आपल्या वस्तीची अडचण पाहा. आपल्याकडचे बहुतेक कुत्रे ना पुरते पाळीव, ना पुरते भटके. चार घरची भाकरी खाते, रात्री कोणाच्याही ओट्यावर निजते. विचारले तर कोणी ‘आमचे’ म्हणत नाही, मारले तर सगळे धावतात. नगरपरिषद म्हणते मालकाने करावे, आणि मालक कोणीच नसतो. अर्जात अशी कुत्री ‘वस्तीतील सामुदायिक कुत्री’ म्हणून लिहावीत. तेथे जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाकडे जाते.

अर्ज कसा करावा?

आधी मोजणी करावी. एका रविवारी महिला मंडळाच्या दोघी आणि दोन तरुणांनी पहाटे वस्तीत फिरून नर किती, मादी किती, पिल्ले किती, कानाला खाच असलेली किती, हे वहीत लिहावे. मोबाईलवर फोटो काढावेत. गेल्या वर्षी कोणाला चावा बसला तेही नोंदवावे. मग पुढीलप्रमाणे लिहावे.

‘प्रति, मा. मुख्याधिकारी / मा. सरपंच. विषय : वस्तीतील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण करण्याबाबत. महोदय, आमच्या ....... वस्तीत दि. ....... रोजी केलेल्या मोजणीत एकूण ....... सामुदायिक कुत्री आढळली. पैकी माद्या ......., कानाला खूण असलेली ....... . मागील वर्षात ....... जणांना चावा झाला. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार मान्यताप्राप्त संस्थेमार्फत निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि त्याची तारीख आम्हांस लेखी कळवावी. कुत्री ओळखणे व पकडण्यास मदत करणे यासाठी आमचे ....... स्वयंसेवक तयार आहेत. आपले विश्वासू, (सह्या).’

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. ग्रामपंचायत असेल तर विषय ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा. एकच वस्ती छोटी पडत असेल तर शेजारच्या आळ्या, आदिवासी वाड्या आणि सोसायट्या यांनी मिळून अर्ज द्यावा. कुत्र्याला जातीची सीमा कळत नाही. महिनाभरात उत्तर नाही आले, तर काय कार्यवाही केली हे माहितीच्या अधिकारात विचारावे.

लोक विचारतात

*माणसांचेच प्रश्न सुटले नाहीत, कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?* हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. याच जिल्ह्यात महाडच्या तळ्यावर जनावरांना पाणी मोकळे होते आणि आपल्या माणसांना बंदी होती, म्हणून १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. माणसापेक्षा कुत्रा मोठा असे कोणी सांगितले तर आपल्याला पटणार नाही, पटूही नये. पण चावा कोणाला बसतो, ते पाहा. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे. ती बहुतेक आशिया-आफ्रिकेतली गरीब माणसे आहेत, आणि चावा बसणाऱ्यांत १५ वर्षांखालील मुले मोठ्या संख्येने आहेत. हा माणसांचाच प्रश्न आहे.

*विष घालून एका रात्रीत का संपवू नये?* विष घातलेले मटण मुलाच्या, शेळीच्या, कोंबडीच्या तोंडी जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि पहिले शील आपण दर पौर्णिमेला विहारात घेतो, ते उंबरठ्याबाहेर सोडायचे नसते.

*ऑपरेशनने कुत्रे राखण करायचे सोडते का?* नाही. भुंकणे, घर ओळखणे तसेच राहते. मांजरही उंदीर धरते. फक्त खाणे थोडे बेताने द्यावे, कारण वजन वाढू शकते.

*एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत ना?* त्याची आरोग्याला गरज नाही. पहिल्या माजाआधी किंवा लगेच नंतर ऑपरेशन झाले तर मादीला स्तनाच्या गाठी होण्याचा धोकाही कमी राहतो.

तोवर चावा बसला तर

शिबिर होईपर्यंत, आणि झाल्यावरही, हे प्रत्येक घराला माहीत हवे. कुत्रा किंवा मांजर चावले, ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये, डाग देऊ नये, भगताकडे वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस मोफत असते. कातडीत द्यायची लस असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. दंडात द्यायची असेल तर १४ व्या दिवशीही एक असते. रक्त निघालेली जखम असेल तर जखमेच्या भोवती वेगळे सीरमही द्यावे लागते, ते स्वतःहून विचारावे. मजुरी बुडते म्हणून शेवटची सुई टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याने काय केले तेही लक्षात ठेवावे. तेथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने घरोघर, रस्तोरस्ती फिरून दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस दिली, शाळांत मुलांना शिकवले. २०२१ साली गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. तेथली कुत्री नाहीशी झाली नाहीत. त्यांचा रोग आटोक्यात आला.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच. त्यातला एक रविवार या विषयाला द्यावा, मोजणीची टोळी तेथेच ठरवावी, दिवाळीनंतर अर्ज द्यावा, म्हणजे माघापर्यंत तारीख मिळवायला वेळ राहील. पंगत असेल त्या दिवशी उष्टे उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावे, तेवढे तर उद्यापासून करता येईल. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या दिवशी वस्तीतल्या मुलांकडून १५ मिनिटे हात-पाय धुण्याचा सराव करून घ्यावा.

जय भीम!